माणसांच्या बोलण्याची रुजुवात

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास बिहार आणि नेपाळ यांची भूमी भयंकर भूकंपाने हादरली, मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही नांदती शहरे पाहता पाहता मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली आणि दहा हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पडलेली घरे, खचलेले पूल आणि वाळूने बुजलेली शेते यांची मोजदाद सरकारी दप्तरांत यथाकाल होऊ लागली. परंतु त्याच दिवसांत जमुना प्रसाद नावाच्या बिहारमधील एका मानसशास्त्रज्ञाने असे काही जमवावयास घेतले की ज्यासाठी कोणत्याही सरकारी तक्त्यात रकाना नव्हता. लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा त्यांनी पद्धतशीरपणे टिपून ठेवल्या. भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारे लोक वाळूत रुतले. पाटण्यावर लवकरच प्रचंड वादळ कोसळणार आहे. येत्या चंद्रग्रहणाच्या दिवशी धरणी पुन्हा हादरणार आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस प्रलय होणार आहे: अशा तीसहून अधिक वार्ता त्यांच्या संग्रहात जमा झाल्या.

असा संग्रह हाती आल्यावर त्याचे करावयाचे काय? अफवांची बेरीज करता येते, पण त्या बेरजेला अर्थ नसतो. त्यांची सरासरी तर काढताच येत नाही. खोट्या म्हणून त्या टाकून द्याव्यात तर माणसांच्या मनःस्थितीचा एक अस्सल पुरावा नष्ट होतो, आणि खऱ्या म्हणून स्वीकाराव्यात तर शास्त्राचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही. माणसांचे बोलणे, पत्रे, रोजनिश्या, मुलाखती, प्रत्यक्ष पाहिलेल्या वर्तनाच्या नोंदी अशा रूपांत येणाऱ्या ज्या सामग्रीस मानसशास्त्रात गुणात्मक सामग्री म्हणतात, तिच्यापुढे बसणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला ही अडचण पहिल्याच दिवशी भेटते. बोलणे ऐकावे कसे हे थोड्याफार प्रयत्नाने शिकता येते. ऐकलेल्याचा अर्थ लावावा कसा, आणि लावलेला अर्थ आपल्या मनाचा खेळ नाही हे दुसऱ्याला दाखवावे कसे, ही खरी विद्या आहे, आणि या लेखाचा विषय ती विद्या आहे.

प्रसाद यांचा निबंध १९३५ मध्ये ब्रिटनमधील मानसशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी अफवा निरनिराळ्या ठेवून त्यांतील समान धागे शोधले आणि अफवा उद्भवण्यास पोषक असलेल्या परिस्थितीची लक्षणे सांगितली. ती परिस्थिती चित्त क्षुब्ध करणारी असते, अपरिचित असते, तिच्यातील बऱ्याच गोष्टी माणसाला ठाऊक नसतात, ज्या सांगितल्या जातात त्यांची शहानिशा करण्याचा मार्ग नसतो, आणि तिचा संबंध एका व्यक्तीशी नसून साऱ्या समुदायाशी असतो. शिवाय अफवेचा आशय माणसे शून्यातून निर्माण करीत नाहीत. ग्रहण, प्रलय, गंगा यांच्याविषयी पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या कल्पनांच्या भांडारातून तो येतो, हेही त्यांनी दाखविले. येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेले दैवी शासन आहे असे त्याच वेळी महात्मा गांधींनी म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या विधानास जाहीर विरोध केला. तेव्हा आपत्तीला अर्थ देण्याची निकड केवळ अशिक्षित बाजारकरूंपुरती होती, असा समज कोणी करून घेऊ नये.

हा निबंध पुढे अमेरिकेत लिऑन फेस्टिंजर यांच्या हाती पडला, आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपला सिद्धांत याच निबंधाच्या वाचनातून कसा अंकुरला ते त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांना जी गोष्ट खटकली ती अशी की, या अफवा ज्यांच्यात पसरल्या त्या लोकांना धक्का चांगलाच जाणवला होता, परंतु त्यांच्या भोवती विध्वंस झालेला नव्हता. आधीच घाबरलेली माणसे आणखी घाबरविणाऱ्या वार्ता उत्सुकतेने का ऐकतात आणि का पसरवितात? भयभीत मनाने दिलासा शोधावा, ही आपली सर्वसाधारण अपेक्षा. फेस्टिंजर यांनी प्रश्न उलटा केला. या अफवा भय उत्पन्न करीत नसून आधीच उत्पन्न झालेल्या भयाचे समर्थन करीत असाव्यात, असे त्यांना वाटले: भीती तर वाटते आहे, पण डोळ्यांपुढे भिण्यासारखे काही नाही, या दोहोंतील विसंगती मनाला सहन होत नाही, म्हणून भीतीला साजेसे संकट मन स्वतःच पुढे ठेवते. या एका वाचनातून विचारांतील विसंगतीचा तो सुप्रसिद्ध सिद्धांत उभा राहिला, ज्यावर पुढे जगभर शेकडो प्रयोग झाले.

अर्थ चमकदार आहे म्हणून तो खरा ठरत नाही, आणि येथेच विश्लेषणाची कसोटी लागते. फेस्टिंजर यांचे अनुमान बरोबर असेल तर ज्यांच्या डोळ्यांदेखत घरे कोसळली आणि माणसे गाडली गेली त्यांच्यात, भीतीला पुरेसे कारण समोरच असल्यामुळे, भावी संकटांच्या अफवा आढळता कामा नयेत. अशी विरुद्ध बाजू दाखवू शकेल अशी नोंद सुदैवाने उपलब्ध होती. दार्जिलिंगच्या परिसरात डोंगर खचून झालेल्या हानीनंतर लोकांत फिरलेल्या वार्तांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला होता आणि तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. प्रत्यक्ष विध्वंसाच्या त्या प्रदेशात याहून मोठ्या अरिष्टाची भाकिते करणाऱ्या अफवा दिसून आल्या नव्हत्या. दोन आपत्ती सर्वस्वी सारख्या नसतात, भूकंप आणि दरड यांच्यात अनेक भेद आहेत, म्हणून याला कोणी सिद्धता म्हणू नये, आणि मीही म्हणत नाही. परंतु आपल्या अर्थाच्या विरुद्ध जाऊ शकेल असा दाखला कोठे सापडेल, हे आधी ठरवून तो मुद्दाम पाहावयास जाणे, हा या साऱ्या विद्येचा कणा आहे, आणि तो मला या प्रकरणात इतर कोठल्याहीपेक्षा स्पष्ट दिसतो.

मानसशास्त्राने या प्रकारच्या सामग्रीला नेहमीच मानाचे पान दिले असे नाही. १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन करणाऱ्या विल्हेल्म वुंट यांनाच आधुनिक मानसशास्त्राचे जनक म्हणतात. पण त्यांनी आयुष्याची शेवटची दोन दशके भाषा, पुराणकथा आणि रूढी यांच्या अभ्यासातून समुदायाच्या मनाचा शोध घेणारे दहा खंड लिहिण्यात घालविली, याचा विसर त्यांच्या शिष्यांना फार लवकर पडला. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाची घोषणा केल्यावर तर माणूस स्वतःविषयी काय सांगतो ते शास्त्राच्या कचेरीत दाखल करून घेण्याचेच बंद झाले. तरीही प्रवाह आटला नाही. पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्यांचे प्रमाणीकरण करण्याचे काम तरुण जाँ पियाजे यांच्याकडे आले होते, आणि बरोबर उत्तरे मोजता मोजता त्यांचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे वेधले गेले. एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात हे पाहून त्यांनी मुलांना ‘असे का?’ म्हणून विचारावयास सुरुवात केली, आणि बालमनाच्या विकासाविषयीचे त्यांचे पुढील सारे कार्य त्या विचारण्यातून उगवले.

या परंपरेतील ज्या एका संशोधनाविषयी मला विशेष आदर वाटतो ते ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या लहानशा गिरणीगावात झाले. व्हिएन्नाजवळच्या या गावाची कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि ४७८ कुटुंबांच्या वस्तीपैकी बहुतेकांचा रोजगार एकदम गेला. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तिघांच्या नेतृत्वाखाली तरुण अभ्यासकांचा एक गट १९३१ च्या अखेरीस तेथे गेला. गावात कोणी केवळ वार्ताहर किंवा बाहेरचा प्रेक्षक म्हणून वावरू नये, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काही काम अंगावर घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, वैद्यकीय तपासणीची सोय केली, शिवणाचे वर्ग चालविले, आणि हे करीत असता घरांतील बोलणी ऐकली. त्यांनी काय जमविले नाही? कुटुंबांच्या जीवनकहाण्या, दिवसाचा प्रत्येक तास कसा गेला याचे स्वतः लोकांनी भरून दिलेले तक्ते, शाळकरी मुलांचे निबंध, जेवणाच्या नोंदी, वाचनालयाची खातेवही. वर्गणी रद्द होऊनही आणि हाती रिकामा वेळ असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते. खिडकीआड उभे राहून त्यांनी मुख्य रस्त्याने जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवले, तेव्हा असे दिसले की जवळजवळ दोनतृतीयांश पुरुष वाटेत निदान दोनदा थबकत होते, तर स्त्रिया त्यामानाने फारच कमी वेळा थांबत होत्या. कारण चूल, मुले आणि धुणे यांना बेकारी ठाऊक नव्हती.

आता या ढिगातून अर्थ कसा निघाला ते पाहण्यासारखे आहे. प्रारंभी अभ्यासकांच्या मनावर एकच ठसा उमटला होता आणि तो सर्वव्यापी खिन्नतेचा होता. तेवढ्यावर समाधान मानून ते परतले असते तर त्यांचा अहवाल आज कोणी वाचला नसता. त्यांनी कुटुंबांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून भेद शोधावयास आरंभ केला. काही घरे अजून न मोडलेली होती. तेथे बेत आखले जात होते, कामाचा शोध चालू होता. सर्वांत मोठा वर्ग मात्र असा होता की ज्याने भविष्याविषयीच्या आशा सोडून दिल्या होत्या, गरजा कमालीच्या आखडून घेतल्या होत्या, आणि तरीही मुलांचे कपडे नीट होते, घर स्वच्छ होते, इतकेच नव्हे तर बोलण्यात एक प्रकारचे समाधानही होते. तिसऱ्या वर्गातील घरेही बाहेरून अशीच नीटनेटकी होती. परंतु तेथील माणसे पूर्वीच्या दिवसांची आठवण काढून तळमळत होती. चौथ्या वर्गात घराची व्यवस्थाच ढासळली होती. दुसरा आणि तिसरा वर्ग यांच्यातील सीमारेषा कोणत्याही प्रश्नावलीला सापडली नसती, कारण चूल, कपडे आणि मुले यांच्याविषयी विचारलेल्या प्रश्नांना दोन्ही घरांतून तीच उत्तरे मिळाली असती. ती सीमारेषा माणसे भूतकाळाविषयी कशी बोलतात हे ऐकणाऱ्यालाच दिसली. पुढे त्यांनी प्रत्येक वर्गाचे माणशी मासिक उत्पन्न काढले, तेव्हा ते अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग असे उतरत गेलेले आढळले. श्रवणातून केलेल्या वर्गवारीची रुजुवात अशा रीतीने अंकांशी पडली. अंक आणि शब्द यांचे वैर आहे असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा एक दाखला लक्षात ठेवावा. १९३३ मध्ये हे पुस्तक निघाले तेव्हा जर्मनीत नाझी सत्तेवर आले होते. लेखक ज्यू असल्यामुळे मुखपृष्ठावर त्यांची नावेही छापली गेली नाहीत, आणि याहोडा यांना पुढे कारावास व नंतर देशत्याग पत्करावा लागला.

पद्धतीला पद्धत म्हणून लिखित रूप देण्याचे काम प्रामुख्याने १९६७ मध्ये झाले. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस हे दोघे समाजशास्त्रज्ञ होते, पण त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे मानसशास्त्रातील असंख्य अभ्यासक गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न माणसांच्या भोवती काय घडते याचा ते शोध घेत होते. त्यांच्याबरोबर परिचारिका असलेल्या संशोधक जीन क्विंट याही होत्या. त्या काळी अमेरिकेतील बहुसंख्य डॉक्टर कर्करोग झालेल्या रुग्णाला त्याचा आजार सांगत नसत. मग कोणाला काय ठाऊक आहे आणि कोण काय ठाऊक नसल्याचे दाखवितो, या एका सूत्राभोवती त्यांची सारी टिपणे गोळा झाली. कोठे रुग्ण सर्वस्वी अनभिज्ञ होता, कोठे त्याला संशय आला होता, कोठे सर्व जण उघडपणे बोलत होते, आणि कोठे (ही अवस्था वाचताना मन गलबलते) रुग्णालाही ठाऊक होते, नातलगांनाही ठाऊक होते, आणि दोघेही एकमेकांना जपण्यासाठी काहीच ठाऊक नसल्यासारखे वागत होते. आपल्या घरांत ही चौथी अवस्था ज्याने पाहिली नाही असा वाचक विरळा.

त्यांच्या पद्धतीचे मर्म असे की, सर्व सामग्री आधी जमवावी आणि मग तिचे विश्लेषण करावयास बसावे, हा क्रम त्यांनी मोडला. एक मुलाखत झाली की लगेच तिचे वाचन, त्या वाचनातून सुचलेल्या शंकेसाठी पुढची जागा निवडणे, तेथे मिळालेल्याची पहिल्याशी तुलना करणे, आणि सुचलेला प्रत्येक विचार तारीख घालून टिपणात उतरविणे, असे हे चक्र चालते. ज्यांना आपल्या मृत्यूची जाणीवच असू शकत नाही अशा अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या कक्षात ते गेले. जेथे मृत्यू त्वरेने येतो त्या अतिदक्षता विभागात गेले. जेथे तो संथपणे येतो त्या कर्करोगाच्या कक्षातही गेले. जाण्याचा प्रत्येक निर्णय आधीच्या टिपणातून निघाला होता. पुढे या दोघांचे पद्धतीच्या तपशिलावरून तीव्र मतभेद झाले, पण त्याची हकिगत येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात प्रतिलेखनापासून होते, म्हणजे ध्वनिमुद्रित बोलणे शब्दशः कागदावर उतरविण्यापासून. हे कारकुनी काम आहे असे समजून ते दुसऱ्याकडून करून घेण्याची प्रथा वाढली आहे, आणि ती मला घातक वाटते. हार्वे सॅक्स यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिस येथील आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या दूरध्वनींचा अभ्यास केला. कर्मचारी आधी आपले नाव सांगत, म्हणजे शिष्टाचारानुसार समोरचाही आपले सांगे. परंतु एका संभाषणात समोरच्याने नाव न सांगता ‘ऐकू येत नाही’ असे म्हटले, कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितले, आणि त्या देवघेवीत समोरच्या माणसाने नाव सांगण्याची जागाच निघून गेली. ऐकू न येणे ही तक्रार नसून नाव न सांगण्याची एक सभ्य युक्ती असू शकते, हे सॅक्स यांच्या ध्यानात आले. एखाद्या नेटक्या प्रतिलेखकाने ते वाक्य निरर्थक अडखळणे म्हणून गाळले असते, तर त्याबरोबर तो शोधही गळाला असता. म्हणून त्यांच्या सहकारी गेल जेफर्सन यांनी थांबणे, श्वास घेणे, एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचे बोलणे चढणे हे सारे लिहिण्याची चिन्हपद्धती तयार केली. प्रत्येक संशोधनाला इतक्या सूक्ष्मतेची गरज नसते हे खरे, परंतु काय गाळावयाचे हे ऐकणाऱ्याने जाणून ठरवावे.

त्यानंतरची पायरी संकेतनाची, जिला आपले विद्यार्थी सरळ ‘कोडिंग’ म्हणतात. समजा, मुंबईतील एखादा बंद गिरणीतील कामगार मुलाखतीत म्हणाला: ‘गिरणी बंद झाली, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला जाग येतेच. उठून बसतो. बायको म्हणते, झोपा अजून. आता झोपून तरी काय करायचं?’ घाईचा अभ्यासक समासात ‘निद्रानाश’ असे लिहून पुढे जाईल. तो चुकला, कारण या माणसाने झोप लागत नाही अशी तक्रार केलेलीच नाही. थांबून वाचणाऱ्याला दिसेल की शरीर अजून गिरणीच्या भोंग्याचे वेळापत्रक पाळते आहे. की बायकोच्या वाक्यात माया आहे आणि त्या मायेचा स्वीकार करणे त्याला अवघड जाते आहे. की शेवटच्या प्रश्नात विश्रांती ही कामाच्या अस्तित्वावरच अवलंबून होती असा कबुलीजबाब आहे. समासात मग ‘शरीराने पाळलेली पाळी’, ‘नाकारलेली विश्रांती’ असे संकेत येतील. दुसऱ्या एखाद्या घरातील स्त्री म्हणाली की ‘हे दिवसभर घरात असले की माझं काम उरकत नाही’, तर तिचे वाक्य पहिल्या संकेताशेजारी ठेवून पाहावे लागेल: रिकामा झालेला वेळ घरातील सर्वांचा नव्हता, तो एकाच्या वाट्याला आला होता आणि दुसरीच्या कामात अडथळा होऊन बसला होता. तुलना अशी वाक्यावाक्यांत चालते, आणि ती मुलाखतीच्याच भाषेत चालावी, विद्यापीठात सादर करावयाचा प्रबंध कोणत्याही भाषेतला असो.

शेकडो संकेत जमल्यावर त्यांतून आशयसूत्रे बांधावयाची असतात. या कामासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोघींनी २००६ मध्ये केली. सामग्रीशी परिचय, संकेतन, सूत्रांचा शोध, त्यांची फेरतपासणी, त्यांना नाव व व्याख्या देणे आणि लेखन अशा सहा अवस्था त्यांनी सांगितल्या, आणि त्या लोकप्रिय झाल्या याचे एक कारण असे असावे की अंधारात चाचपडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांत प्रथमच कठडा सापडला. त्या कठड्याचा गैरवापरही पुष्कळ झाला. मुलाखतीत विचारलेले प्रश्नच सूत्रे म्हणून मांडावयाचे, आणि ‘सामग्रीतून सूत्रे उदयास आली’ असे लिहून स्वतः नामानिराळे व्हावयाचे, ही रीत रूढ झाली. दोघींनी याविरुद्ध पुनःपुन्हा बजावले आहे की सूत्रे आपोआप उदयास येत नाहीत. ती वाचणारा घडवितो, आणि म्हणून त्यांची जबाबदारी वाचणाऱ्याची असते. हे त्यांचे म्हणणे मला या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

यावरून एक जुना वाद नव्याने उभा राहतो. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे तीच मुलाखत वाचून तेच संकेत दिले तर विश्लेषण विश्वसनीय, असा एक पक्ष आहे, आणि या सहमतीतून योगायोगाचा वाटा वजा करून ती मोजण्याचे गणित जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिले. ठरीव प्रवर्गांत नोंदी टाकावयाच्या असतील, उदाहरणार्थ उत्तरात वेतनाचा उल्लेख आहे की नाही एवढेच पाहावयाचे असेल, तर हे माप योग्यच आहे. परंतु दोन वाचकांना एकाच साच्यात तालीम दिली की ते एकाच तऱ्हेने चुकूही शकतात, आणि तेव्हा त्यांच्या सहमतीचा आकडा उंच असूनही अर्थ हुकलेला असतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, वाचणारा कोण आहे, कोणत्या जातीचा, वर्गाचा, लिंगाचा आहे, सांगणाऱ्याशी त्याचे नाते काय आहे, हे लपविण्याऐवजी त्याने ते उघड करावे आणि आपल्या टिपणांत सतत तपासावे. जोनाथन स्मिथ यांनी १९९६ पासून विकसित केलेल्या पद्धतीत तर ही गोष्ट पायाभूत मानली आहे: सांगणारा आपल्या अनुभवाचा अर्थ लावीत असतो आणि संशोधक त्या अर्थ लावण्याचा अर्थ लावीत असतो. माझा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. मात्र आत्मपरीक्षणाचा एक परिच्छेद प्रबंधाच्या आरंभी चिकटविला की कर्तव्य संपले, असे त्याचे अनुयायी मानू लागतात तेव्हा त्या पक्षाचे बळ जाते. आपल्या सूत्रात न बसणारी मुलाखत कोणती आणि तिच्यामुळे सूत्रात कोणता बदल करावा लागला, हे दाखविणे त्या परिच्छेदाहून कितीतरी कठीण आणि कितीतरी मोलाचे आहे.

संगणकाच्या आज्ञावली आता ही सामग्री साठवितात, शोधतात, संकेतांची फेरिस्त क्षणार्धात पुढे करतात, आणि अलीकडे संकेत सुचवूही लागल्या आहेत. साठविण्याच्या आणि शोधण्याच्या कामी त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण वर सांगितलेल्या कामगाराच्या वाक्याला ‘निद्रानाश’ हे नाव देण्याची घाई माणसाइतकीच यंत्रालाही होऊ शकते, आणि यंत्राने दिलेले नाव पुसून पुन्हा मूळ जबानीकडे जाण्याची शिस्त माणसालाच पाळावी लागते.

मूळ जबानीकडे परत जावयाचे तर ती शिल्लक राहिली पाहिजे, आणि आपल्याकडील मोठी उणीव येथे आहे असे मला मनापासून वाटते. प्रसाद यांनी केवळ आपले निष्कर्ष छापले असते आणि अफवांची शब्दरूपे दिली नसती, तर दोन दशकांनंतर त्यांचे वेगळे वाचन करणे कोणालाही शक्य झाले नसते. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठात १९९४ पासून मुलाखतींसारखी सामग्री जतन करण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि एकाने केलेल्या नोंदी दुसऱ्याने नव्या प्रश्नासाठी वाचाव्यात, पहिल्याचे अर्थ पडताळून पाहावेत, हे तेथे व्यवहारात आले. महाराष्ट्रातील विद्यापीठांतून मराठीत घेतलेल्या किती मुलाखती, प्रबंध मान्य झाल्यावर, कोणाच्या तरी कपाटात किंवा संगणकाच्या कोपऱ्यात पडून नाहीशा होत असतील! ज्यांनी आपल्या आजाराविषयी, कर्जाविषयी, मोडलेल्या संसाराविषयी एका परक्या माणसाजवळ तास-दोन तास मन मोकळे केले, त्यांचे ते बोलणे पदवीच्या कागदापुरते वापरून टाकणे उचित नव्हे.

अर्थात यात धोके आहेत आणि ते लहान नाहीत. नाव बदलले म्हणून माणूस ओळखू येत नाही असे नसते. लहान गावात धंदा, वय आणि मुलांची संख्या एवढ्यावरून शेजारी तत्काळ ओळखतो, आणि मुलाखतीत सुनेने सासूविषयी सांगितलेले पुढे सासूच्या वाचनात येऊ शकते. त्यामुळे मुलाखत जतन करण्याची संमती ही मुलाखत देण्याच्या संमतीहून वेगळी मागितली पाहिजे, आणि ती बोलणे संपल्यावर मागितली पाहिजे, कारण आपण काय बोलून बसलो हे माणसाला बोलण्यापूर्वी ठाऊक नसते. कोणी किती वर्षे वाचावे, कोणता भाग काढून टाकावा, आपल्या मृत्यूनंतर काय करावे, हे तिला किंवा त्याला सोप्या भाषेत विचारून संमतीपत्रावर लिहून घ्यावे, त्याची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. आणि उत्तर नकाराचे आले तर तो नकार दप्तरी नोंदवून ध्वनिमुद्रण त्यांच्या स्वाधीन करावे.